मामांच्या बिअरमधला दवाखाना

पाण्याला चव नसते असं शाळेच्या पुस्तकात ज्यानं कोणी पहिल्यांदा लिहिलं, त्याला आमच्या मामांनी शेवटपर्यंत क्षमा केली नाही. तो विषय निघाला की ते पानावरून अर्धवट उठायचे. "चव नसते म्हणे! त्याला नव्हती, असं लिहावं. स्वतःच्या जिभेचं खापर पाण्याच्या माथी कशाला?" मामा म्हणजे माझ्या बायकोचे, कुसुमचे, सख्खे मामा. सातारच्या नगरपालिकेच्या पाणीखात्यात उमेदवारी केलेले आणि तिथल्या प्रत्येक वरिष्ठाशी भांडून कुवेतला आलेले. पन्नास सालानंतरचे ते दिवस होते. तेलाचा पैसा नुकता वाहायला लागला होता आणि पाणी मात्र समुद्र उकळून मिळवावं लागत होतं. टँकरनं पाणी पुरवणाऱ्या एका खाजगी कंपनीत मामा रसायनाचं काम पाहत. त्यांच्याच शब्दावर मी त्या कंपनीत कारकून म्हणून चिकटलो. दोन वर्षांनी कुसुम आली आणि मग मामा जेवायला आमच्याकडेच असत. जेवायला म्हणजे तपासणीला, असं कुसुमचं म्हणणं.

कारण मामांनी कुठल्याही पदार्थाला 'छान' म्हटल्याचं कोणी ऐकलेलं नव्हतं. त्यांची सर्वांत मोठी शाबासकी एकच होती, "दोष सापडला नाही." तीही वर्षातून एकदा मिळाली तर मिळाली. एका होळीला कुसुमनं कुठून कुठून सामान जमवून पुरणपोळी केली. मामांनी घास तोंडात घोळवला, डोळे मिटले, आणि म्हणाले, "कुसुम, गूळ रॉकेलच्या डब्याशेजारी ठेवला होतास." कुसुमनं साफ नाकारलं. जेवण झाल्यावर कोठीत जाऊन पाहते तो गुळाची ढेप आणि रॉकेलचा डबा एकमेकांच्या गळ्यात गळा घालून बसलेले. त्या दिवशी तिनं मामांशी बोलणं टाकलं, आणि मामांना कारण विचारायचंही सुचलं नाही. दोष सांगणं ही त्यांच्या लेखी आपुलकी होती. शिवाय एका घोटावर ते कधी बोलत नसत. आधी एक ग्लास, मग दुसऱ्या भांड्यातलं पाणी, जमलं तर तिसऱ्या. "एका ग्लासावर निकाल देणाऱ्यानं न्यायाधीश व्हावं, पाणीवाला होऊ नये," असं ते मला दर आठवड्याला ऐकवत, जणू मी कुठे तरी अर्ज करून बसलो होतो.

कंपनीतलं त्यांचं काम असं होतं. समुद्राचं उकळून काढलेलं पाणी चवीला मेलेलं असतं. त्यात सुलैबियाच्या विहिरींचं मचूळ पाणी बेतानं मिसळलं की ते जिवंत होतं. ते मिसळायचं आणि त्यात ब्लीचिंग पावडर टाकायची, म्हणजे जंतू मरतात. पावडरीचं माप ठरलेलं होतं. मामा ते काट्यावर तोलून टाकत, आणि मग इकडेतिकडे बघून वर एक मूठ टाकत. ही मूठ कुठल्याही नियमात नव्हती. लहानपणी त्यांच्या गावात पटकीची साथ आली, त्यात त्यांची धाकटी बहीण दोन दिवसांत गेली. विहिरीत औषध टाकायला आलेल्या माणसाजवळची पावडर त्यांच्या आळीपर्यंत येता येता संपली होती, असं ते सांगत. एरवी वादळासारखे बोलणारे मामा एवढं मात्र हळू सांगत. म्हणून ती मूठ. मला ती माहीत होती. मी कारकून, पोती माझ्या नजरेखालून जात. पण मी गप्प राहिलो आणि आजही मला त्याची लाज वाटत नाही.

आता खरी ठिणगी कुठे पडली ते सांगतो. बंगल्यांतल्या साहेबलोकांकडून पाण्याच्या चवीच्या तक्रारी येत, म्हणून आमच्या मॅनेजरसाहेबानं दर गुरुवारी सकाळी चव घेण्याचं टेबल मांडायला सुरुवात केली. पाच खुर्च्या, पाच इंग्रज, प्रत्येकापुढे ग्लासांची रांग. ग्लास भरायचे मामांनी, त्यांवर आकडे चिकटवायचे मामांनी, आणि मग दाराबाहेर उभं राहायचं तेही मामांनी. आत पाच जण चुळा भरत आणि पाचांची पाच मतं कागदावर उतरत. मामा बाहेर तडफडत. शेवटी एका गुरुवारी त्यांनी आत जाऊन सहावी खुर्ची मागितली. साहेब माणूस वाईट नव्हता, आवाजही त्यानं चढवला नाही. तो म्हणाला, "तुम्ही लोक इतकं तिखट खाता. त्या जिभेला पाण्यातला फरक कसा कळणार?"

मामा त्या दिवशी जेवले नाहीत. "बधिर!" एवढंच म्हणत राहिले. "माझी जीभ बधिर! जावईबापू, त्या खुर्चीवर बसल्याशिवाय मी हा देश सोडणार नाही. लिहून ठेवा." मी लिहून ठेवलं नाही, पण कुसुमनं ताट झाकून ठेवलं आणि म्हणाली, "आता ह्यांना कोणी आवरू नका. आवरले जायचे नाहीत."

त्या काळी बिगरमुसलमान नोकरमंडळींना परवान्यावर थोडीफार दारू मिळे. ती ज्यांना पुरत नसे ते साहेब घरी बिअर करत. आमचा मॅनेजरही करी आणि नाताळला सगळ्यांना एकेक बाटली भेट देई. ती बाटली घेणारा माणूस हसून आभार मानी आणि बाटली बागेत ओती; त्या वर्षी कचेरीच्या बागेतल्या कण्हेरी भलत्याच फुलल्या. मामा दारूच्या थेंबालाही न शिवणारे. पण खुर्चीच्या अपमानानंतर त्यांनी आपल्या वाट्याची बाटली उघडली, चमचाभर तोंडात घेतली, घोळवली, मोरीत थुंकली आणि डोळे उघडून म्हणाले, "दवाखाना! जखम बांधायच्या खोलीचा वास आहे ह्याला. आणि स्वतः करणाऱ्याला तो कळत नाही!" त्याच क्षणी त्यांचं ठरलं. साहेबाच्या गावचं पेय, साहेबापुढे, निर्दोष करून ठेवायचं. मग कोणाची जीभ बधिर ते बघू. मी भीत भीत म्हटलं, "मामा, पण तुम्ही तर पीत नाही." त्यावर मला उत्तर मिळालं, "पिणं वेगळं, चाखणं वेगळं. वैद्य काय औषधं जेवतो?"

पहिला घाणा त्यांनी आमच्याच घरी घातला तो मॉल्टच्या, म्हणजे मोड आणलेल्या सातूच्या, अर्काचा. हा अर्क डब्यांतून मिळे, पोरांना शक्ती यावी म्हणून चमचा चमचा देत असत. डब्यावरचं बारीक अक्षर मामांनी वाचलं नाही. ज्याची जीभ एवढी तीक्ष्ण त्यानं वाचायचं कशाला? त्यात माशाच्या यकृताचं तेल मिसळलेलं होतं. तीन आठवड्यांनी बाटलीचं बूच उडालं आणि आमच्या घरात रत्नागिरीची जेटी अवतरली. वहीत नोंद झाली, 'पहिला घाणा. बोंबील.' ही वही मामांनी दोषांसाठीच घातली होती. इंग्रजी पुस्तकांतली नावं त्यांना पटत नसत, म्हणून प्रत्येक दोषाला त्यांनी सातारी नाव दिलं होतं. दुसऱ्या घाण्याला 'शिकरण', कारण पावाचं खमीर कुवेतच्या उकाड्यात नको तितकं माजलं आणि पिकल्या केळ्याचा वास सुटला. उपाय म्हणून पिंप एअरकंडिशनरच्या खोलीत गेलं आणि मामा डोक्यावर ओला पंचा घेऊन व्हरांड्यात आले. तिसऱ्या घाण्याच्या बाटल्या सरबताच्या होत्या, पांढऱ्या काचेच्या. त्या उन्हात राहिल्या आणि 'चिचुंद्री' झाल्या. मग तपकिरी बाटल्यांसाठी मामा राई नावाच्या भागातल्या गॅरेजांपर्यंत पायपीट करून आले. चौथ्या वेळी नळीनं ओतताना फेस फार झाला, हवा लागली, आणि वहीत आलं, 'ओला पुठ्ठा'. पाचव्या घाण्याला साखर सढळ हातानं पडली, त्याची चव कशी होती ते देवाला ठाऊक. भर दुपारी एकामागून एक अकरा बाटल्या फुटल्या, आणि शेजारच्या मद्रासी अकौंटंटनं बंड झालं असं समजून पासपोर्ट खिशात घातला. मामा काचांतून चपला घालून फिरत म्हणाले, "सापडला! साखर!" त्यांच्या चेहऱ्यावर असा आनंद मी त्यांच्या बढतीच्या दिवशीही पाहिला नव्हता. बढती झालीच नव्हती हे खरं, पण झाली असती तरी पाहिला नसता.

सातव्या घाण्यापर्यंत बोंबील गेला, शिकरण गेलं, चिचुंद्री आणि पुठ्ठा गेले. उरला एक, तोच. दवाखाना! साहेबाच्या बाटलीतला दवाखाना मामांच्या बाटलीत येऊन मुक्काम ठोकून बसला. मामांनी मॉल्ट बदललं, खमीर बदललं, बिअरला कडवटपणा यावा म्हणून घालतात ती इंग्लंडहून येणारी फुलं बदलली. रबरी नळी बदलली, बुचं बदलली. बाटल्या तर ते ब्लीचिंग पावडरच्या पाण्यानं तीन तीन वेळा धूत, कारण स्वच्छतेच्या बाबतीत त्यांचा कोणी हात धरला नसता. दवाखाना हलेना. एकदा मी सहज म्हणालो, "मामा, पाण्याचं तर काही नसेल?" मामा माझ्याकडे अशा नजरेनं बघू लागले की मला माझ्या लग्नाची काळजी वाटू लागली. "पाणी? जावईबापू, ते पाणी माझ्या हातचं आहे."

आमच्या कंपनीत हसनभाई म्हणून टँकर चालवायचे. दापोलीकडचे, पाच वेळा नमाज पढणारे, मामांचे जिवलग. रोज संध्याकाळी ते आमच्या व्हरांड्यात चहाला येत आणि बिअरच्या पिंपाकडे पाठ करून बसत. मामांचा हा उद्योग त्यांना मुळीच पसंत नव्हता, आणि तसं ते तोंडावर सांगत. "मामा, तुमी शाना मानूस. ह्यो नाद सोडा." मामाही त्यांना कधी आग्रह करत नसत. पण आठवा घाणाही बिघडला तेव्हा मामा इतके खचले की बाटली हातात धरून नुसतेच बसून राहिले. हसनभाईंना ते बघवेना. ते उठून दोन पावलं पुढे आले.

"मी हात लावायचो नाय, आधीच सांगून ठेवतंय," ते म्हणाले. "तोंड तर लांबच. पन वास काय, तो चालत येतो नाकाशी. धरा जरा हिकडं."

मामांनी बाटली धरली. हसनभाईंनी हात मागे बांधले, मान पुढे केली, एकदा हुंगलं आणि ताडकन मागे झाले.

"ह्यो कसला दवाखाना? मामा, ह्यो तर माज्या टँकरचा वास! सकाळी टाकीवरून भरून निघतो ना मी, झाकन उघडल्यावर हाच भपकारा येतो. तुमची ती पावडर, मामा. तुमच्या हातची."

कुसुम चहाचा कप घेऊन दारातच थांबली. मामा लालबुंद झाले, "काहीतरीच!" असं म्हणाले, बाटली खाली ठेवली आणि आपल्या खोलीवर निघून गेले. दुसऱ्या दिवशी ते चहाला आले नाहीत, तिसऱ्या दिवशी आले ते पातेलं मागायला. मग त्यांनी दोन पिंपं मांडली. एकात टाकीचं पाणी तसंच. दुसऱ्यात तेच पाणी तास-दीड तास खळखळा उकळून, उघडं ठेवून निववलेलं. आणि त्याच्या बाटल्याही उकळत्या पाण्यानं धुतलेल्या, पावडरीला मनाई. बाकी मॉल्ट तेच, खमीर तेच. पुढचा महिनाभर मामा कोणाच्याही स्वयंपाकात दोष काढत नव्हते. कुसुम घाबरली. तिनं मुद्दाम एकदा आमटी खारट केली, तर ती मुकाट्यानं खाल्ली.

महिन्यानं दोन्ही बाटल्या फुटल्या, म्हणजे रीतसर उघडल्या. पहिलीत दवाखाना. दुसरीचा चमचा मामांनी तोंडात घेतला, घोळवला, थुंकला. परत घेतला. तिसऱ्यांदा घेतला. मग वही ओढली आणि लिहिलं, 'दोष सापडला नाही.' लिहून झाल्यावर ते आनंदानं उड्या मारतील असं मला वाटलं होतं. पण ते टॉवेलनं तोंड पुसत बसून राहिले.

त्यांची अडचण मला उशिरा उमगली. साहेबापुढे नुसती चांगली बिअर ठेवून भागणार नव्हतं. साहेब विचारणार, माझ्यात दवाखाना का आणि तुझ्यात का नाही? कारण सांगितलं तर मूठ सांगावी लागणार, आणि ठरलेल्या मापावर मूठ टाकणाऱ्या माणसाला कंपनी दुसऱ्या दिवशी बोटीवर चढवू शकत होती. कारण नाही सांगितलं तर जीभ बधिरच राहणार. मी म्हणालो, "मामा, बिअर द्या आणि साहेबी फुलांचा गुण म्हणून सांगा. खुर्ची मिळेल." मामा म्हणाले, "खोटं बोलून मिळालेल्या खुर्चीवर बसून मी खरं काय सांगणार?" आणि चपला घातल्या.

गुरुवारची सकाळ होती. मी कागद घेऊन आत होतो म्हणून हे मला डोळ्यांनी बघायला मिळालं. पाच साहेब ग्लासांपुढे बसलेले. मामांनी दोन बाटल्या टेबलावर ठेवल्या, मॅनेजरसाहेबाला दोन्हींतली चव घ्यायला लावली. पहिलीला साहेबानं मान हलवली, ओळखीची होती ती. दुसरीला तो थांबला. त्यानं पेला भरून घेतला आणि संपवला.

"हे तुम्ही केलंत? माझ्यात काय चुकतं?"

"तुमचं काही चुकत नाही," मामा म्हणाले. "माझं चुकतं. पावडरीच्या मापावर मी रोज एक मूठ जास्त टाकतो. मॉल्टशी त्या पावडरीचं जमत नाही, त्यातून हा वास उठतो. पाणी उकळून घ्या, वास जाईल. चूक माझ्या हाताची आहे, आणि ती पकडली एका टँकर चालवणाऱ्याच्या नाकानं आणि माझ्या जिभेनं. दोघंही तिखट खातो."

साहेबाचा चेहरा उतरला. बिअरपेक्षा त्याला आता कंपनीची चिंता लागली होती. "मूठ बंद झाली पाहिजे," तो म्हणाला. "आजपासून."

"नाही होणार," मामा म्हणाले.

मामा पुढे बोलतच होते, आणि आवाज मात्र तो बहिणीचं सांगतानाचा, हळू. "माझ्या गावात पावडर संपली होती. तुमच्या मापानं पाणी टाकीपाशी स्वच्छ होतं, पण टँकर उन्हात दिवसभर फिरतो. शेवटच्या मजुराच्या नळाला काही उरतं का, हे तुमच्यापैकी कोणी चाखलंय? तिथे पावडर जिभेला किंचित लागली तर पटकी येत नाही. लागली नाही तर येऊ शकते. मूठ सोडायची तर मला ते पाणी रोज चाखायला द्या. मी सांगेन तेवढीच टाका, एक कण जास्त नको. पण सांगणार मी. ह्या टेबलावर बसून."

साहेबानं मामांनीच मांडलेल्या सहा ग्लासांवरचे आकडे काढून टाकले, त्यांच्या जागा उलटसुलट केल्या आणि ते मामांपुढे सरकवले. मामांनी प्रत्येक ग्लास दोनदा चाखला आणि कुठल्यात कुठलं पाणी ते सहाच्या सहा ओळखले. एकाबद्दल तर ते म्हणाले की हा ग्लास साबणानं धुऊन नीट विसळलेला नाही, आणि त्यांनी माझ्याकडे पाहिलं, कारण तो मी विसळला होता. साहेब उठला, कोपऱ्यातली खुर्ची स्वतः ओढून आणली. मामा बसले. उभं राहायची इतकी सवय झालेली की टेकून बसायला त्यांना दोन गुरुवार लागले.

मामांनी बिअर पुढे फार दिवस केली नाही. काही वर्षांनी कुवेतमध्ये दारूबंदीचा कायदा आला. साहेबलोक चोरून करायच्या युक्त्या विचारायला मामांकडे येऊ लागले, तेव्हा मामांनी आपल्या शेवटच्या बाटल्या त्यांच्यासमोरच वाळूत ओतल्या. "तुमच्याशी मी भांडलो ते माझ्या हक्कासाठी," म्हणाले. "हे घर इथल्या लोकांचं आहे, इथे त्यांचं चालणार." हसनभाई त्या संध्याकाळी पहिल्यांदा पिंपाच्या बाजूला तोंड करून बसले, पिंपात कुसुमनं तांदूळ भरले होते. मामांची खुर्ची मात्र राहिली. ते निवृत्त होऊन साताऱ्याला परतेपर्यंत रोज सकाळी मजूरवस्तीच्या शेवटच्या नळाचं पाणी त्यांच्या जिभेवरून जाई, आणि तिथे पटकी कधी आली नाही. ते कोणामुळे, हे कोणी विचारलं नाही. मामांनीही सांगितलं नाही, आणि हे त्यांच्याकडून आयुष्यात एकदाच घडलं.

मी त्यांना शेवटचा भेटलो तो साताऱ्यात. मोठ्या तापातून उठले होते. कुसुमनं पाणी आणून दिलं. त्यांनी घोट घेतला, सवयीनं तोंडात घोळवला, डोळे मिटले. आम्ही वाट बघत राहिलो, नगरपालिकेचा उद्धार होणार म्हणून.

"छान आहे," मामा म्हणाले.

कुसुम पदर तोंडाशी नेऊन आत गेली. तापानं काय नेलं होतं ते आम्हा दोघांनाही त्या एका शब्दात कळलं. मामांनी ग्लास माझ्यापुढे धरला. "जावईबापू, जरा चाखून बघा. पावडर लागते का ह्यात?" जन्मात त्यांनी हा प्रश्न कोणाला विचारला नव्हता. मी घोट घेतला. माझ्या जिभेला ना पावडर कळली ना पाणी.

"लागते, मामा."

"किती?"

"पुरेशी."

मामांनी माझ्याकडे रोखून पाहिलं. खूप दिवसांनी त्यांच्या डोळ्यांत ती जुनी आग दिसली.

"एका घोटात सांगताय? तुम्हाला काय डोंबल कळतंय!" ते म्हणाले. "जा, दुसरा ग्लास आणा."

मी उठलो आणि दुसरा आणला. मग तिसरा.